बॉयलर पेटत नाही तेव्हा : दोष शोधण्याची रीत

हिवाळ्याची चाहूल लागली की ब्रिटनमधील घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. भिंतीवरचा बॉयलर पेटत नाही, खोल्यांतले रेडिएटर थंडगार पडले आहेत, घरात तान्हे मूल किंवा वृद्ध आई-वडील आहेत आणि बाहेर पारा शून्याकडे झुकला आहे. थंडीच्या पहिल्या आठवड्यात कारागिराची वेळ मिळत नाही. मिळाली तर पुष्कळदा तो घाईत एखादा महागडा भाग बदलून निघून जातो आणि दोन दिवसांनी बॉयलर पुन्हा मुका होतो. ग्राहकाचे पैसे जातात आणि कारागिराचे नाव जाते.

रत्नागिरी-रायगडच्या अनेक कुटुंबांचे आप्त ब्रिटनमध्ये स्थायिक झाले आहेत. त्यांपैकी कोणी प्लंबिंगची, कोणी विजेची कामे करतात, तर कोणी दुकान चालवून वरच्या खोल्या भाड्याने देतात. त्यांच्या आणि त्यांच्याकडे कामासाठी जाऊ पाहणाऱ्या तरुणांच्या उपयोगी पडावा म्हणून आम्ही हा पाठ देत आहोत. इथल्या गीझर, फ्रीज व एअर कंडिशनर दुरुस्त करणाऱ्या बांधवांनीही तो वाचावा, कारण यंत्र वेगळे असले तरी दोष शोधण्याची रीत एकच आहे.

यंत्राची ओळख

आपल्याकडच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब सर्वांना ठाऊक आहे. मधोमध जाळ, भोवती पाणी आणि वर धूर जाण्याचे नळकांडे. ब्रिटनमधील बॉयलर हा तत्त्वाने बंबच होय. फरक इतकाच की लाकडाऐवजी नळाने येणारा गॅस जळतो आणि तापलेले पाणी बादलीत न जाता पंपाच्या जोरावर घरभर फिरते. प्रत्येक खोलीत लोखंडी रेडिएटर असतो. पाणी त्यातून जाताना आपली ऊब खोलीला देते आणि गार होऊन पुन्हा बॉयलरकडे येते. तेच ते पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. या व्यवस्थेला सेंट्रल हीटिंग म्हणतात.

१९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनने कोळशापासून बनवलेला गॅस सोडून उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू घराघरांत नेला. त्यानंतर गॅसवरील हीटिंग झपाट्याने पसरले. आज तेथे मुख्यतः तीन प्रकारची मांडणी आढळते.

पहिली कॉम्बी. यात एकच पेटी रेडिएटरही तापवते आणि नळाचे पाणीही त्या क्षणी तापवून देते. दुसरी सिस्टीम बॉयलरची. यात नळाचे गरम पाणी वेगळ्या टाकीत साठवले जाते. या दोन्हींत फिरणारे पाणी बंदिस्त आणि दाबाखाली असते. तिसरी मांडणी जुनी व उघडी. माळ्यावरच्या लहान टाकीतून तिला पाणी मिळते आणि तिच्यावर दाबाचा काटा नसतो. कामाला हात लावण्यापूर्वी आपल्यासमोर यांपैकी कोणती मांडणी आहे हे ओळखावे.

परवानग्यांची साखळी

बॉयलर पेटत नाही म्हणजे तो बिघडलाच, असे बहुतेक लोक समजतात. बहुतेक वेळा बॉयलर धडधाकट असतो. त्याला पेटण्याची परवानगी मिळालेली नसते, म्हणून तो थांबलेला असतो. या पाठातली मुख्य गोष्ट हीच आहे. ती ध्यानात ठेवली, तर पुढचे सर्व सोपे जाईल.

साखळी अशी आहे. घड्याळ म्हणते, ‘ही हीटिंगची वेळ आहे.’ खोलीतला थर्मोस्टॅट म्हणतो, ‘खोली हव्या तितकी उबदार नाही.’ टाकीच्या मांडणीत विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि पूर्ण उघडल्यावर त्याच्यातील लहान स्विच बॉयलरकडे हुकूम पाठवतो. बॉयलर आधी पाण्याचा दाब पाहतो. मग पंप फिरतो. पंखा सुरू होऊन आतली हवा बाहेर टाकतो. पंखा खरोखर फिरतो आहे याची खात्री झाल्यावर ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर गॅस बंद होतो. यंत्र पुन्हा प्रयत्न करते. तोही फसला तर ते स्वतःला कुलूप लावून घेते.

यातली एक कडी तुटली की पुढचे काहीच घडत नाही. म्हणून कारागिराने विचारायचा प्रश्न ‘कोणता भाग बदलू?’ हा नव्हे. ‘साखळी कुठपर्यंत आली आणि कुठे थांबली?’ हा खरा प्रश्न आहे. थर्मोस्टॅटचा सेल संपलेला असताना बॉयलरचे इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ऐकण्याचा अभ्यास करावा. हुकूम दिल्यावर काहीच आवाज नाही, तर दोष घड्याळ, थर्मोस्टॅट, वीज किंवा दाब यांत शोधावा. पंखा फिरतो पण ठिणगीची टकटक नाही, तर हवेच्या मार्गाचा किंवा ठिणगी पाडणाऱ्या भागाचा संशय घ्यावा. टकटक ऐकू येते पण ज्योत लागत नाही, तर गॅस पोहोचतो का ते पाहावे. ज्योत लागून लगेच विझते, तर ज्योत ओळखणारा भाग किंवा गोठलेला निचरा यांकडे लक्ष द्यावे. बॉयलर चांगला पेटतो पण मिनिटाभरात अति तापून बंद होतो, तर पाणी फिरत नाही. तेव्हा पंप अडकला असेल किंवा मार्ग गाळाने भरला असेल. नुसत्या कानाने निम्मे काम होते.

पहिला प्रश्न : नळाला गरम पाणी येते का?

ग्राहकाचा फोन आला की हत्यारांची पेटी उचलण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. कॉम्बी बॉयलरमध्ये त्याच ज्योतीवर दोन्ही कामे चालतात. नळाला नीट गरम पाणी येत असेल, तर वीज आहे, गॅस आहे, पंखा, ठिणगी, ज्योत सर्व ठीक आहे. म्हणजे अर्धी साखळी तपासल्यावाचून निर्दोष ठरली. मग दोष घड्याळ, थर्मोस्टॅट, बॉयलरवरील निवडीची खुंटी किंवा पाण्याची दिशा बदलणारा आतला व्हॉल्व्ह यांतच असणार.

नळालाही गरम पाणी नसेल, तर वीज, गॅस, पाण्याचा दाब आणि निचऱ्याची नळी या क्रमाने पाहावे.

टाकीच्या मांडणीत एक दक्षता घ्यावी. टाकीतील पाणी विजेच्या कॉइलने तापवलेले असू शकते किंवा कालचे उरलेले असू शकते. त्यामुळे गरम पाणी आहे म्हणून बॉयलर चांगला आहे असा निष्कर्ष काढू नये.

झाकण न उघडता पाहायच्या गोष्टी

पुढील तपासणी घरमालकही करू शकतो. यासाठी बॉयलरचे झाकण काढावे लागत नाही.

१) वीज. बॉयलरच्या पडद्यावर उजेड आहे का? नसेल तर मुख्य पेटीतील एखादा स्विच खाली पडला आहे का ते पाहावे. बॉयलरजवळच्या भिंतीवर त्याचा स्वतंत्र स्विच व लहान फ्यूज असतो. हा फ्यूज सामान्यतः ३ अँपियरचा असतो. स्वयंपाकघर पुसताना कोणी तो स्विच बंद केला, असे प्रकार नेहमी घडतात. फ्यूज बदलल्यावर लगेच पुन्हा उडाला, तर मोठा फ्यूज घालू नये. कुठेतरी पाणी शिरले आहे किंवा तार जळाली आहे, याची ती सूचना असते.

२) गॅस. शेगडी पेटवून पाहावी. पेटत नसेल तर दोष बॉयलरचा नाही. अनेक भाड्याच्या घरांत आगाऊ पैसे भरायचा मीटर असतो. त्यातली रक्कम संपली की गॅस बंद होतो. मीटरजवळच्या चावीचा दांडा नळीच्या दिशेत असेल तर ती चालू आणि आडवा असेल तर बंद.

३) घड्याळ. वीज गेल्यावर जुन्या घड्याळांची वेळ चुकते. शिवाय ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे केले जाते. हा बदल न केल्यास हीटिंग भलत्या वेळी चालते आणि लोक बॉयलरला दोष देतात. घड्याळ ‘सतत चालू’ या खुणेवर ठेवून परीक्षा करावी.

४) थर्मोस्टॅट. तो खोलीच्या उष्णतेपेक्षा बराच वर न्यावा. खोलीत १९ अंश असताना थर्मोस्टॅट १८ वर असेल, तर बॉयलर पेटणार नाही आणि ते बरोबरच आहे. बिनतारी थर्मोस्टॅटचे सेल बदलावेत. उन्हाळाभर कोणी पाहिलेले नसते आणि सेल नेमके थंडीच्या तोंडावर संपतात.

५) बॉयलरवरील खुंटी. पुष्कळ बॉयलरवर उन्हाळा व हिवाळा अशी निवड असते. कुठे सूर्याचे चित्र, कुठे नळाचे आणि रेडिएटरचे. वसंत ऋतूत कोणी ती केवळ नळावर नेऊन ठेवलेली असते. ही खुंटी फिरवण्याला खर्च शून्य.

६) पाण्याचा दाब. याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

७) निचऱ्याची नळी. बाहेर कडाक्याची थंडी असेल, तर हिच्यावरच पहिला संशय घ्यावा.

या सात गोष्टींना दहा मिनिटे लागतात. क्रम मात्र सोडू नये. सवयीचा माणूस आपल्याला आवडणाऱ्या दोषाकडे थेट धावतो आणि तिथेच फसतो.

दाबाची भाषा

बंदिस्त मांडणीत बॉयलरवर किंवा खाली दाबाचा काटा असतो. त्याचे माप ‘बार’ या एककात असते. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा जोर. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून तळमजल्याच्या नळाला जो जोर मिळतो, साधारण तेवढा.

यंत्रणा थंड असताना काटा १ ते १.५ बार दाखवतो. तापल्यावर तो थोडा चढतो, कारण पाणी फुगते. काटा शून्याजवळ आला, तर बहुतेक बॉयलर पेटण्यास नकार देतात. पाण्याशिवाय जाळ लागला तर आतले भांडे फुटेल, म्हणून हा बंदोबस्त.

दाब भरण्यासाठी नळाच्या पाण्याशी जोडणारी एक लवचिक नळी आणि तिच्या चाव्या असतात. बॉयलर थंड असताना चाव्या हळूहळू उघडाव्यात, काटा १ च्या किंचित वर आला की दोन्ही घट्ट बंद कराव्यात. चावी अर्धवट उघडी राहिली, तर दाब ३ बारवर जातो आणि सुरक्षा व्हॉल्व्ह घराबाहेरच्या तांब्याच्या नळीतून पाणी फेकतो.

येथेच सामान्य आणि जाणत्या कारागिरातला फरक दिसतो. सामान्य कारागीर पाणी भरून, पैसे घेऊन जातो. जाणता कारागीर विचारतो की बंदिस्त यंत्रणेतले पाणी गेले कुठे? वर्षातून एखाद्या वेळी थोडे भरावे लागणे समजू शकते. आठवड्याला भरावे लागत असेल, तर पाणी कुठेतरी वाहते आहे. रेडिएटरच्या सांध्यांना कोरडा कागद लावून पाहावा. बाहेरच्या तांब्याच्या नळीचे तोंड ओले आहे का पाहावे.

आणखी एक लक्षण लक्षात ठेवावे. थंड असताना काटा १ वर, तापल्यावर तो झपाट्याने ३ कडे धावतो, पुन्हा थंड झाल्यावर शून्यावर येतो. अशा वेळी पाणी फुगल्यावर त्याला जागा देणाऱ्या भांड्यातली हवा गेलेली असते. या भांड्यात एक रबरी पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. १० अंशांपासून ७० अंशांपर्यंत तापताना पाणी सुमारे २ टक्के फुगते आणि ती वाढ हवा दाबली जाऊन सामावते. हवा नसेल, तर फुगलेले पाणी सुरक्षा व्हॉल्व्हमधून बाहेर जाते आणि यंत्रणा थंड झाल्यावर तेवढे पाणी कमी पडते. भांड्याला मोटारीच्या टायरसारखी हवा भरायची तोटी असते. ती दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले, तर पडदा फाटला असे समजावे. नुसती हवा कमी झाली असेल, तर यंत्रणेचा दाब पूर्ण उतरवून कारागीर ती पुन्हा भरतो. हे न ओळखता दर पंधरवड्याला पाणी भरत राहिले, तर नव्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात. तो काळा गाळ पुढे पंपात आणि बॉयलरच्या बारीक मार्गांत बसतो. एका फुकटच्या निष्काळजीपणातून हजार पौंडांचे काम उभे राहते.

बर्फाने अडवलेला निचरा

इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर, थोडे अपवाद वगळता, ‘कंडेन्सिंग’ जातीचाच बसवावा लागतो. हा बॉयलर धुरातील वाफेचे पाणी करतो आणि त्या वाफेतली उष्णताही वापरतो. त्यामुळे गॅस वाचतो. मात्र ते किंचित आम्ल पाणी प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर सोडावे लागते. ती नळी घराबाहेरून जात असेल आणि बारीक असेल, तर कडाक्याच्या थंडीत थेंब थेंब गोठून ती बंद होते. पाणी मागे साचते आणि बॉयलर स्वतःला थांबवतो. पेटताना आतून गुळगुळ आवाज येणे ही त्याची खूण.

डिसेंबर २०१० हा ब्रिटनमधील शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. त्या महिन्यात ठिकठिकाणी बॉयलर बंद पडले ते मुख्यतः या नळीमुळे. बॉयलरमध्ये कसलाही बिघाड नव्हता.

उपाय साधा आहे. नळी जमिनीवरून हाताला लागत असेल, तर तिच्यावर कोमट पाणी ओतावे किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी धरावी. उकळते पाणी ओतू नये, नळी तडकते. पायऱ्यांवर सांडलेल्या पाण्याचा बर्फ होऊन कोणी घसरणार नाही हेही पाहावे. नळी मोकळी झाली की रीसेटचे बटण दाबावे. कायमचा इलाज म्हणजे बाहेरची नळी शक्य तितकी आखूड, उताराची आणि ३२ मिलिमीटरची घेऊन तिला पाणी न शिरणारे उबदार वेष्टन करणे. हे काम थंडीपूर्वी करून देणाऱ्या कारागिराला ग्राहक वर्षानुवर्षे विसरत नाही.

रीसेट आणि संकेतांक

रीसेटचे बटण म्हणजे ‘पुन्हा प्रयत्न कर’ असे सांगणे. एकदा दाबावे, फार तर दुसऱ्यांदा. पुन्हा कुलूप लागले, तर बटण दाबत बसू नये. यंत्र काहीतरी सांगत आहे आणि आपण त्याचे तोंड दाबत आहोत, असा त्याचा अर्थ होतो.

पडद्यावर दिसणारा संकेतांक आधी वहीत लिहून घ्यावा, मगच बटण दाबावे. एकाच दोषाला प्रत्येक कारखान्याचे नाव वेगळे असते. व्हॅलंटच्या बॉयलरवर एफ २२ म्हणजे पाण्याचा दाब कमी आणि एफ २८ म्हणजे पेटण्यात अपयश. आयडियलच्या लॉजिक बॉयलरवर दाब कमी असल्यास एफ १ आणि ज्योत न लागल्यास एल २ दिसते. वूस्टर बॉशच्या पुष्कळ बॉयलरवर ज्योत न सापडल्यास ई ए अशी अक्षरे येतात. म्हणून त्या त्या बॉयलरची पुस्तिका जवळ असावी.

संकेतांक दोषाचे नाव सांगत नाही, साखळी कुठे थांबली ते सांगतो. ‘ज्योत लागली नाही’ या एका संकेतामागे मीटरमध्ये पैसे नसणे, निचरा गोठणे किंवा ठिणगीचा काटा झिजणे यांपैकी काहीही असू शकते.

टाकीच्या मांडणीत विजेचे व्हॉल्व्ह

सिलिंडर असलेल्या घरांत एक तपासणी फार उपयोगी पडते. विजेच्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बाजूला लहान दांडा असतो. परत फिरणाऱ्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमध्ये तो दांडा ढकलताना जोर लागत असेल, तर व्हॉल्व्ह बंद आहे. सैल हलत असेल, तर तो उघडलेला आहे. हीटिंगचा हुकूम दिल्यानंतरही दांडा घट्टच राहिला, तर व्हॉल्व्हपर्यंत वीज आली नाही किंवा त्याची लहान मोटर जळाली. दांडा सैल झाला, व्हॉल्व्ह उघडला, तरी बॉयलर गप्प, तर व्हॉल्व्हमधील लहान स्विच हुकूम पुढे पाठवत नसावा. दोन्ही दोष बॉयलरच्या बाहेरचे आहेत. येथे २३० व्होल्टची वीज असते. तारांना हात लावण्याचे काम विजेचे ज्ञान असलेल्यानेच, मुख्य स्विच बंद करून आणि मीटरने खात्री करून करावे.

थांबायचे कुठे

आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टी झाकणाच्या बाहेरच्या होत्या. झाकणाच्या आत ज्योत, गॅस आणि धूर आहे. तेथे कायदा वेगळा आहे.

ग्रेट ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार गॅसचे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्याची सरकारमान्य नोंद असावी लागते. १ एप्रिल २००९ पासून ही नोंद ‘गॅस सेफ रजिस्टर’ ठेवते. त्यापूर्वी ती ‘कॉर्गी’कडे होती. नोंदलेल्या कारागिराजवळ छायाचित्राचे ओळखपत्र असते आणि तो कोणती कामे करू शकतो ते पाठीमागे लिहिलेले असते. ग्राहकाने ते मागावे आणि कारागिराने न मागता दाखवावे. रेडिएटर बसवणे, पाण्याच्या नळ्या जोडणे हे गॅसचे काम नव्हे. पण ज्या पेटीच्या झाकणाने धूर आत कोंडून ठेवला आहे ते झाकण काढणे, गॅस व्हॉल्व्हला किंवा धुराच्या नळकांड्याला हात लावणे हे नोंदलेल्या कारागिराचेच काम.

हा नियम कागदी नाही. गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटीने घट्ट चिकटतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, धाप ही त्याची लक्षणे. घरातील सर्वांना एकाच वेळी असे होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर बॉयलर बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि डॉक्टरकडे जावे. आपल्याकडे हिवाळ्यात बंद न्हाणीघरातील गॅस गीझरने गुदमरून माणसे गेल्याच्या बातम्या येतात, त्यांच्यामागे हाच वायू असतो. म्हणून घरात या वायूची सूचना देणारा अलार्म असावा. तो झाकणाआडच्या दोषाची वर्दी देतो.

गॅसचा वास आला तर दोष शोधत बसू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, मीटरची चावी बंद करावी, विजेचे कोणतेही बटण दाबू नये, काडी ओढू नये आणि बाहेर येऊन ०८०० १११ ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

घर भाड्याने देणाऱ्या बांधवांसाठी

दुकानावरच्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्या मालकीच्या गॅस उपकरणांची तपासणी दर वर्षी नोंदलेल्या कारागिराकडून करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. तपासणीचा कागद राहत्या भाडेकरूला २८ दिवसांत आणि नव्या भाडेकरूला राहायला येण्यापूर्वी द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमाने हीटिंग व गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणे ही बहुतेक भाडेकरारांत मालकाची जबाबदारी आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा झाला आहे. ओळखीचा माणूस स्वस्तात करून देतो म्हणून नोंद नसलेल्याला गॅसला हात लावू दिला, तर वाचलेले थोडे पौंड एखाद्या कुटुंबाच्या जिवावर बेतू शकतात.

धंद्याचे चार शब्द

दोष शोधण्याचे पैसे घ्यावेत, त्यात संकोच नको. ते कौशल्य आहे. पण दोष काय निघाला ते खरे सांगावे. थर्मोस्टॅटचे सेल बदलल्याने बॉयलर चालू झाला असेल, तर ‘सेल संपले होते’ असेच बिलावर लिहावे. कार्ड बदलल्याचे सांगून दोनशे पौंड घेणारा आज कमावतो. खरे सांगणाऱ्याला मात्र तेच घर पुढल्या वर्षी बोलावते आणि शेजाऱ्यालाही त्याचे नाव सांगते. परक्या देशात नव्याने धंदा मांडणाऱ्याला याहून मोठे भांडवल नाही.

प्रत्येक कामाची वही ठेवावी. तारीख, बॉयलरचे नाव, थंड व गरम असतानाचा दाब, संकेतांक, केलेले काम. पुढच्या वेळी तीच वही दोष शोधून देते. आणि ग्राहकाला एक सवय लावावी. सप्टेंबरमध्ये एकदा हीटिंग चालवून पाहायची आणि उन्हाळ्यातही महिन्यातून दहा मिनिटे पंप फिरू द्यायचा. अडकलेले पंप आणि व्हॉल्व्ह यानेच टळतात.

उजळणी

पुढील तीन प्रसंगांची उत्तरे आधी स्वतः शोधावीत, मग खाली पाहावे.

अ) कॉम्बी बॉयलर. नळाला कडक गरम पाणी, रेडिएटर थंड. दाब १.२ बार.
आ) रात्री उणे ६ अंश. सकाळी नळ व रेडिएटर दोन्ही थंड. शेगडी पेटते. बॉयलरमधून गुळगुळ आवाज.
इ) दर दहा दिवसांनी दाब शून्य. तापल्यावर काटा ३ वर जातो. बाहेरच्या तांब्याच्या नळीखाली जमीन ओली.

उत्तरे : अ) ज्योत व गॅस निर्दोष. उन्हाळा-हिवाळा खुंटी, घड्याळ, थर्मोस्टॅटचे सेल या क्रमाने पाहावे. सर्व ठीक असल्यास दिशा बदलणारा व्हॉल्व्ह, आणि त्यासाठी नोंदलेला कारागीर. आ) निचऱ्याची नळी गोठली आहे. कोमट पाणी, मग एकदा रीसेट. इ) फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या भांड्यातील हवा गेली किंवा पडदा फाटला. सुरक्षा व्हॉल्व्ह वारंवार उघडल्याने तोही गळू लागला आहे का ते सोबतच पाहावे. नुसते पाणी भरून जाऊ नये.

ज्यांचे आप्त थंड मुलुखात राहतात त्यांनी हे पान कापून पाठवावे. ‘झाकण न उघडता पाहायच्या गोष्टी’ हा भाग बॉयलरशेजारी चिकटवून ठेवण्याजोगा आहे.